तलावाच्या काठावर गाडी कुठे लावायची?

पावसाची झड सुरू झाली की नागपूरकरांचे पाय आपोआप तलावांकडे वळतात. फुटाळ्याची चौपाटी असो, अंबाझरीचा बांध असो, गांधीसागर असो की सोनेगाव, सक्करदरा. या वेळी आलेल्या पत्रांत मात्र पाण्यापेक्षा पार्किंगचीच चर्चा जास्त आहे. कुठे अचानक फलक लागले, कुठे पावती फाडायला माणूस उभा राहिला, कुठे काठावर गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवायचं घाटतं आहे. तलावांची नावं आम्ही पत्रांतून गाळली आहेत, कारण अडचण सगळीकडे एकाच जातीची आहे: पार्किंगचा नियम बदलला की पाण्यापर्यंत कोण पोचणार तेही बदलतं. म्हणून असा बदल आधी मोजून, लेखी आदेशाने, मुदत घालून आणि जवळच दुसरी जागा देऊनच व्हावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: आमच्याजवळच्या तलावाच्या काठाने सुमारे ३०० मीटर रस्त्यावर एका रात्रीत ‘नो पार्किंग’चे फलक लागले. रविवारी लेकरं घेऊन येणाऱ्यांना आता जागाच उरली नाही. ‘हा वाहतुकीचा विषय आहे, तक्रार करून उपयोग नाही’ असं सांगतात. खरंच काही करता येत नाही का? (एक वाचक, भरतनगर)

करता येतं. पण आधी काय गेलं ते आकड्यांत मांडा, नाहीतर तुमचा अर्ज नुसती कुरकूर ठरतो.

रस्त्याला समांतर लावलेल्या चारचाकीला पुढे-मागे काढायला धरून साधारण ६ मीटर लागतात. दुचाकी काटकोनात लावली तर रुंदी १ मीटर लागते. समजा ३०० मीटरपैकी अर्ध्या लांबीत चारचाकी आणि अर्ध्या लांबीत दुचाकी राहत होत्या. म्हणजे २५ चारचाकी आणि १५० दुचाकी. चारचाकीत तीन माणसं आणि दुचाकीवर सरासरी दीड धरलं, तर एका वेळी ३०० माणसं काठावर येऊ शकत होती. एक गाडी दीड तास थांबते असं मानलं, तर संध्याकाळी ५ ते साडेनऊपर्यंत तीन फेऱ्या होतात, म्हणजे ९०० माणसं. हा हिशेब गृहीतकांवर आहे. तुमच्या रस्त्याची लांबी आणि प्रत्यक्ष मोजणी घालून तो स्वतः करा.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ११५ वाहनांवर बंदी किंवा निर्बंध घालण्याबद्दल आहे, कलम ११६ फलक लावण्याबद्दल, आणि गाड्या उभ्या करण्याच्या जागा ठरवण्याबद्दल कलम ११७ आहे. वाहतूक पोलिसांच्या आदेशांत बहुतेक वेळा हीच तीन कलमं असतात, जोडीला महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३३. यातल्या दोन अटी लक्षात ठेवा. कलम ११५ खालचा निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त चालणार असेल, तर राजपत्रात अधिसूचना लागते. त्याहून कमी मुदतीचा असेल तर स्थानिक प्रसिद्धी पुरते. आणि कलम ११७ खाली जागा ठरवताना स्थानिक प्राधिकरणाशी, म्हणजे आपल्याकडे महापालिकेशी, विचारविनिमय करावा लागतो.

घोटाळा नेमका इथेच होतो. सणासुदीला किंवा तलाव ओव्हरफ्लो झाल्यावर आठ-पंधरा दिवसांसाठी काढलेला आदेश संपतो, फलक मात्र तिथेच राहतो. नंतर तो कुणी लावला हे कुणालाच आठवत नाही, आणि त्याच्या जोरावर चलान फाटत राहतात. म्हणून पहिली मागणी फलक काढण्याची करू नका. आधी आदेशाची प्रत मागा.

माहिती अधिकाराचा अर्ज दोन ठिकाणी द्या: वाहतूक पोलीस उपायुक्त कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे आणि महापालिकेच्या तुमच्या झोन कार्यालयात. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे गाऱ्हाणी त्यात घालू नका. एवढा मजकूर पुरे:

‘(रस्त्याचे नाव, कुठून कुठपर्यंत) येथील नो पार्किंग फलकांबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात. १) फलक ज्या आदेशाने किंवा अधिसूचनेने लावले ती. २) आदेशाची मुदत नमूद असलेला भाग. ३) याबाबत महापालिका व वाहतूक पोलीस यांच्यातील पत्रव्यवहार. ४) वाहनसंख्या पाहणीचा अहवाल. ५) आलेल्या हरकती व त्यांवरील निर्णय.’

‘फलक का लावला?’ असं विचारू नका. या कायद्यात दप्तरी असलेलं कागद-पत्र मिळतं, खुलासा मिळत नाही, आणि ‘का’ लिहिलं की अर्ज फेटाळायला आयतं कारण मिळतं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. दुसरं अपील ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे जातं.

कागद हातात आला की निवेदन द्या. त्यात तीनच गोष्टी मागा: बंदी गर्दीच्या तासांपुरती ठेवा, काठापासून ४०० मीटरच्या आत तेवढ्याच गाड्यांची जागा द्या, आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजून आदेशाचा फेरविचार करा. सरसकट ‘बंदी उठवा’ म्हणणाऱ्या निवेदनाचं काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

प्रश्न: मुलगा कॅलिफोर्नियात असतो. तिथे म्हणे समुद्राजवळच्या रस्त्यावर पार्किंगची वेळ बदलायलासुद्धा वेगळी परवानगी लागते. हे खरं आहे का? आपल्याकडे असं का नाही? (एक वाचिका, त्रिमूर्ती नगर)

खरं आहे, आणि ते मुळातून समजून घेण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९७२ मध्ये थेट मतदानाने किनारा आयोग उभा केला. १९७६ मध्ये तिथल्या विधिमंडळाने किनारा कायदा केला. या कायद्याचं कलम ३०१०६ ‘विकासकाम’ कशाला म्हणायचं ते सांगतं. आपल्याला विकासकाम म्हटलं की सिमेंट-विटा आठवतात. त्या व्याख्येत मात्र पाण्याच्या वापरात किंवा पाण्यापर्यंतच्या पोचीत होणारा बदलही बसतो. त्यामुळे किनाऱ्यालगत पार्किंगचे तास कमी करणं, शुल्क बसवणं, जागा फक्त रहिवाशांसाठी ठेवणं, रस्त्याची कड लाल रंगवून गाड्या बंद करणं, हे सगळं विकासकामातच मोजलं जाऊ शकतं. मग किनारा परवाना मागायचा, लोकांचं म्हणणं ऐकायचं आणि नुकसानीची भरपाई दाखवायची.

याच कायद्यातलं कलम ३०२१२.५ सांगतं की पार्किंगसह सार्वजनिक सोयी किनाऱ्यावर विखरून द्याव्यात, म्हणजे सगळी गर्दी एकाच जागी लोटणार नाही. आम्हाला हे कलम फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे उलट होतं. एका तलावावर कारंजी आणि रोषणाई, आणि उरलेल्या तलावांकडे जायला धड वाटही नाही. मग त्या एकाच काठावर अख्खं शहर उतरतं आणि तिथली पार्किंग कोलमडते.

न्यायालयांनीही तिथे हा अर्थ उचलून धरला. सॅन मॅटिओ काउंटीत मार्टिन्स बीच नावाचा किनारा आहे. तिथे जायचा रस्ता खासगी जमिनीतून जातो. जुने मालक गाडीमागे पैसे घेऊन लोकांना आत सोडत. २००८ मध्ये जमीन विकली गेली आणि पुढे नव्या मालकाने फाटक बंद केलं. एक वीटही रचली नव्हती, फक्त फाटक लावलं होतं. तरी २०१७ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की फाटक बंद करणं हेसुद्धा या कायद्याने विकासकाम आहे आणि त्याला परवाना हवा. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकाचं प्रकरण ऐकायला नकार दिला.

मालिबूसारख्या महागड्या वस्तीत काही घरमालकांनी परस्पर बेकायदा ‘नो पार्किंग’ फलक लावल्याचे प्रकार गाजले. २०१४ पासून लोकांची वाट अडवणाऱ्याला आयोग स्वतः दंड करू शकतो, रोज ११,२५० डॉलरपर्यंत. एक फलक रोवून सगळा किनारा आपलासा करणं एवढ्या दंडापुढे परवडत नाही.

आपल्याकडे पार्किंगचा निर्णय वाहतूक सुरळीत ठेवण्यासाठी होतो. काठावर जाण्याचा हक्क तपासायचा टप्पाच त्या प्रक्रियेत नाही. कायदा बदलणं लांबची गोष्ट आहे. पण आदेश काढण्याआधी ‘या बदलाने पाण्यावर येणारी किती माणसं कमी होतील आणि त्यांना दुसरी जागा कोणती’ ही एक ओळ प्रस्तावात लिहायला कुठल्या कायद्याची आडकाठी नाही.

प्रश्न: आमची गल्ली तलावापासून दोन मिनिटांवर. सुट्टीच्या दिवशी बाहेरच्यांच्या गाड्या थेट आमच्या फाटकासमोर. म्हातारी माणसं आजारी पडली तर गाडी काढता येत नाही. गल्लीत फक्त रहिवाशांनाच पार्किंग मिळावी, असा ठराव आम्ही करतो आहोत. बरोबर आहे ना? (रहिवासी संघाचे सदस्य, धरमपेठ)

तुमची अडचण खरी आहे, उपाय मात्र चुकतो आहे. रस्ता सार्वजनिक असेल तर ठरावाने तो राखीव होत नाही. दोरी बांधणं, कुंड्या मांडणं, लोखंडी खांब रोवणं हा रस्त्यावरचा अडथळा ठरतो आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २२९ ते २३१ खाली महापालिका तो हटवू शकते. दुसऱ्याची गाडी अडवायला ठेवलेल्या कुंडीमुळे तुमच्याच ॲम्ब्युलन्सला वळण मिळत नाही, हेही विसरू नका.

कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिस शहराने समुद्रकाठच्या व्हेनिस भागात पहाटे २ ते ६ रहिवाशांपुरती पार्किंग ठेवायचा प्रस्ताव मांडला होता. किनारा आयोगाने तो फेटाळला, कारण उजाडायच्या आत पाण्यावर येणाऱ्या मासेमारांची आणि लाटांवर खेळणाऱ्यांची वाट त्याने बंद झाली असती. आपल्याकडेही पहाटे पाचला येणारे वेगळे असतात: फिरणारी माणसं, जाळी घेऊन आलेले ढिवर बांधव, छटपूजेला अर्घ्य द्यायला आलेली कुटुंबं. रात्रीची बंदी निरुपद्रवी वाटते, पण तिचा फटका या लोकांना बसतो.

मग करायचं काय? फाटकासमोर गाडी लावणं २०१७ च्या वाहन चालवण्याबाबतच्या केंद्रीय विनियमांनी आधीच मना आहे, त्यासाठी नवा नियम नको. महापालिकेकडून प्रत्येक फाटकासमोर, आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जास्त, पिवळे तिरपे पट्टे मारून घ्या. गल्लीच्या एकाच बाजूला पार्किंग ठेवा आणि मधे किमान साडेतीन मीटर वाट सलग मोकळी राहील असं पाहा. गल्ली सहा मीटरपेक्षा अरुंद असेल तर चारचाकी पूर्ण बंद करा, पण रहिवासी आणि बाहेरचे दोघांनाही. टोकाच्या कोपऱ्यांवर गाडी लागू देऊ नका, तिथेच अग्निशमनाची गाडी अडते.

काठावरची पार्किंग बंद झाली की गाड्या २०० मीटरवर तुमच्या गल्लीत येतात. तुम्ही गल्ली बंद केली की पुढच्या गल्लीत जातात. ही साखळी काठावरच तोडावी लागते. तुमच्या संघाने काठावरची जागा परत मागावी. ती तुमच्या फायद्याची आहे.

प्रश्न: आम्ही सिव्हिलचे विद्यार्थी. एका तलावावर पार्किंगची पाहणी करायची आहे. किती दिवस, कशी मोजणी करावी म्हणजे अधिकारी ती मानतील? (विद्यार्थ्यांचा गट, रविनगर)

चार दिवस घ्या: दोन साधे वार, एक रविवार, एक सणाची सुट्टी. वेळ पहाटे ५ ते ८ आणि दुपारी ४ ते रात्री १०. फक्त संध्याकाळ मोजणारे पहाटेची गर्दी हरवतात आणि तिथेच अहवाल लंगडा पडतो.

आधी रस्ता टेपने मोजून ५० मीटरचे तुकडे पाडा आणि खडूने खुणा करा. एका माणसाला तीन तुकड्यांपेक्षा जास्त देऊ नका. दर अर्ध्या तासाला एक फेरी मारायची. तक्त्यात गाडीचा प्रकार आणि नंबरचे शेवटचे चार आकडे लिहायचे. ४७१२ हा आकडा ५ च्या, साडेपाचच्या आणि ६ च्या फेरीत दिसला आणि साडेसहाला गेला, तर ती गाडी साधारण दीड तास होती. पूर्ण नंबर लिहायची गरज नाही, लिहूही नका.

यातून तीन गोष्टी काढा. पहिली, भरलेपण: उपलब्ध जागांपैकी किती भरल्या. ८५ टक्क्यांपर्यंत भरलं तर ठीक, म्हणजे सात जागांमागे एक रिकामी राहते आणि येणारा माणूस चकरा मारत नाही. सतत ९५ च्या वर गेलं तर दुहेरी पार्किंग सुरू होतं. दुसरी, फेरबदल, म्हणजे एका जागेवर किती गाड्या येऊन गेल्या: ४० जागांवर सहा तासांत १२० गाड्या आल्या तर दर जागेमागे ३. तिसरी, सर्वांत जास्त वेळ अडवणारे कोण. बहुतेक ठिकाणी दिवसभर जागा धरून बसतात त्या आसपासच्या दुकानांच्या आणि क्लासेसच्या गाड्या, तलावावर आलेल्यांच्या नव्हे. हे एकदा आकड्यांत दिसलं की ‘नो पार्किंग’ऐवजी ‘दोन तासांची मर्यादा’ हा उपाय आपोआप समोर येतो.

दुचाकी, चारचाकी, ऑटो, सायकल आणि हातगाड्या वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. चारचाकीच्या अडीच बाय पाच मीटरच्या जागेत पाच-सहा दुचाकी बसतात. सगळ्यांना एकत्र ‘वाहने’ म्हणून मोजलं की काठ चारचाकीवाल्यांनी अडवला आहे की नाही, तेच कळत नाही. आणि येणाऱ्यांपैकी दर दहाव्या माणसाला एवढंच विचारा: कुठून आलात, कशाने आलात, ही जागा नसती तर काय केलं असतं? ‘आलोच नसतो’ म्हणणाऱ्यांचा आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर घाला.

हातगाड्यांबद्दल एक सूचना. पार्किंग नीट करायच्या नावाखाली भुट्टेवाले आणि चहावाले आधी उठवले जातात. पथविक्रेता कायदा, २०१४ नुसार विक्रेत्याला हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते. तुमच्या नकाशात त्यांच्या जागा दाखवा, म्हणजे नंतर ‘इथे कुणी नव्हतंच’ असं म्हणता येणार नाही.

प्रश्न: काठावर ‘पे अँड पार्क’ सुरू झालं. पैसे घेणं योग्य आहे का? (एक वाचक, गोकुळपेठ)

शुल्क वाईट नाही. दिवसभर एकच गाडी जागा अडवून बसत असेल तर शुल्कानेच ती हलते. पण दर आणि वेळ चुकली की गरीब माणूस आधी गळतो. आमच्या मते पहाटे ५ ते ९ फुकट असावं, दुचाकीला पहिला अर्धा तास फुकट, काठावर जास्त दर, ४०० मीटरवर कमी किंवा शून्य. ४०० मीटर म्हणजे पाच-सहा मिनिटं चालणं.

पावतीवर येण्याची वेळ छापलेली हवी. नुसता ‘२० रुपये’चा कागद मिळाला तर तासाचा दर लागूच होत नाही. दर, मुदत, ठेकेदाराचं नाव आणि तक्रारीचा क्रमांक असलेला फलक दिसायला हवा. मंजूर हद्द रंगाने आखलेली हवी. ती नसली की ठेका दर महिन्याला चार-चार मीटर पसरतो आणि शेवटी पायऱ्यांच्या तोंडाशी येतो. ठेक्याच्या कागदांत मंजूर जागांची संख्या असते. ती माहिती अधिकारात मागा आणि प्रत्यक्ष मोजून ताडून पाहा.

प्रश्न: आई व्हीलचेअरवर आहे. काठाशी गाडी क्षणभरही थांबू देत नाहीत. (एक वाचिका, सक्करदरा)

फलकावर एक तिरपी रेघ असेल तर तो ‘नो पार्किंग’. तिथे माणूस उतरवून लगेच पुढे जाता येतं. एकमेकांना छेदणाऱ्या दोन रेघा असतील तर तो ‘नो स्टॉपिंग’, तिथे थांबताही येत नाही. काठावर दुसऱ्या प्रकारचा फलक असेल, तर पायऱ्या किंवा उताराजवळ दोन गाड्यांपुरती, १२ मीटरची, उतरवण्याची जागा लेखी मागा.

शिवाय अपंगांसाठीची जागा ३.६ मीटर रुंद, प्रवेशापासून ३० मीटरच्या आत, आणि पहिल्या २५ गाड्यांमागे दोन, असं केंद्राच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. उतार १:१२ हवा, म्हणजे ३० सेंटिमीटर चढायला ३.६ मीटर लांबी. अनेक ठिकाणी जागा आखलेली असते, पण तिच्यापुढे १५ सेंटिमीटरची कड तशीच असते. त्या कडेचा फोटो टेप लावून काढा आणि अर्जाला जोडा.

प्रश्न: काठालगतची मोकळी जमीन सपाट करून, गट्टू बसवून पार्किंग करायचा प्रस्ताव आहे. जागा वाढेल म्हणून आम्ही खूश व्हावं का? (एक वाचक, सोनेगाव)

घाई करू नका. आधी जमीन कोणाची ते सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० नुसार, खासगी हक्क सिद्ध होत नसेल तर तलाव, नाले आणि त्यांचे तळ शासनाचे असतात. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम लागू असतील तर गेल्या दहा वर्षांच्या सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरच्या आत कायमचं बांधकाम करता येत नाही. मात्र पिण्याचं पाणी, सिंचन किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले तलाव या नियमांतून वगळले आहेत. फुटाळा याच कारणाने नियमांत बसत नाही, यावर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शिक्कामोर्तब केलं. भोसलेकालीन बहुतेक तलावांना हा मुद्दा आड येऊ शकतो, म्हणून सगळी भिस्त या नियमांवर ठेवू नका. पाण्याचा निचरा, पूर आणि लोकांची वाट या मुद्द्यांवर बोला.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते शहर विसरलेलं नाही. सांडव्याच्या वाटेत किंवा नाल्याच्या कडेला भराव घालून केलेली पार्किंग पूर आला की पाणी अडवते आणि गाड्याही वाहून जातात. तिथे ‘नको’ हेच उत्तर आहे.

जागा सुरक्षित उंचीवर असेल तर काम कसं करायचं ते बघू. नागपूरच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट गट्टू बसवले की दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत फरशी लाटांसारखी होते, खड्ड्यांत पाणी साचतं, आणि मग ‘दुरुस्ती’ म्हणून वर काँक्रीट ओततात. काळी माती निदान ४५ ते ६० सेंटिमीटर काढा, मुरूम १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत दाबा, वर खडीचा थर, मग ३ ते ५ सेंटिमीटर बारीक खडी आणि गट्टू. दुचाकीपुरती जागा असेल तर ६० मिलिमीटर जाडीचे पुरतात, चारचाकी येणार असेल तर ८० मिलिमीटरचे घ्या. चारही बाजूंनी काँक्रीटची कड नसेल तर कडेचे गट्टू आधी सुटतात. पाणी जिरू द्यायचं असेल तर सांध्यांत सिमेंट भरू नका.

उतार तलावाकडे नको, उलट बाजूला द्या. गाड्यांचं गळलेलं तेल पहिल्या सरीबरोबर सरळ पाण्यात जातं. पार्किंग आणि पाण्यामध्ये किमान ३ मीटर गवताचा पट्टा ठेवा आणि चाकं अडवायला १० ते १५ सेंटिमीटर उंच ठोकळे बसवा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पाण्याची कड पायी माणसाला. पहिली ओळ गाड्यांना दिली की लोक बंपर ओलांडून पाणी बघतात. गाड्या रस्त्याच्या बाजूला, मधे गवत, आणि पाण्याशी तीन मीटरची सलग पायवाट, असाच नकाशा मंजूर करा म्हणावं.

प्रश्न: दिवाळीत कोकणात गेलो होतो. एका हॉटेलवाल्याने ‘समोरचा समुद्र आमच्या पाहुण्यांसाठी आहे’ म्हणून गाडी लावू दिली नाही. हे चालतं का? (एक वाचक, मनीष नगर)

हॉटेल आपल्या आवारात पार्किंग नाकारू शकतं, समुद्र नाकारू शकत नाही. भरतीच्या उच्च रेषेखालची जमीन शासनाची आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१ आणि २०११ च्या अधिसूचनांत किनाऱ्यावरच्या हॉटेलांसाठी अट होती, की दोन हॉटेलांमध्ये लोकांना जायला २० मीटरची मोकळी वाट ठेवावी आणि कुंपणाने किनाऱ्यावरची ये-जा अडू नये. ती वाट शोधा. ग्रामपंचायतीत विचारलं तर सापडते. कुंपणाने ती बुजवलेली दिसली तर फोटो, ठिकाण आणि तारीख लिहून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या.

जागा मिळत नाही म्हणून गाडी वाळूवर मात्र उतरवू नका. ओहोटीला टणक वाटणारी ओली वाळू चाकाखाली पटकन सैल होते आणि ओहोटीनंतर साधारण सव्वासहा तासांत भरती पूर्ण भरते. गाडी रुतलीच तर रेस देऊन चाक फिरवत बसू नका, ते आणखी खाली जातं. चाकांतली हवा निम्म्यापर्यंत उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, पायपुसणी किंवा फळी खाली सरकवा आणि पहिल्या गिअरमध्ये हळू बाहेर काढा. दहा मिनिटांत निघाली नाही तर गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला बोलवा.